सागाचा गुण

काही वर्षांपूर्वी तळकोकणातील आमचे जुने घर आम्ही भावंडांनी उतरविले. भिंती मातीच्या होत्या, त्या मातीला मिळाल्या. कौले गावातच ज्याला हवी त्याने नेली. राहता राहिले लाकूड. चौकटी, तुळया, खांब, दारे असा तो सगळा ढीग आम्ही जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकला. सौदा ठरताना त्याचे लक्ष लाकडावर होते आणि आमचे परतीच्या गाडीच्या वेळेवर. ट्रक भरून गेला, तेव्हा माजघराच्या दाराची एक फळी तेवढी मागे राहिली. गोठ्याच्या भिंतीला टेकून ती तशीच उभी होती. दोन पावसाळे तिने तिथेच काढले.

पुढे एका सुट्टीत गावी गेलो असता, त्या फळीचे एखादे मेज होते का ते पाहावे, म्हणून गावातल्या वयोवृद्ध मेस्त्रींना बोलावले. त्यांनी फळी आडवी ठेवली, फडक्याने पुसली, आपली पोलादी पट्टी तिच्यावर काठावर उभी धरली, आणि डोळा फळीच्या पातळीला आणून पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहिले. उजेड कुठेच दिसला नाही. दीड फूट रुंदीची एकसंध फळी, शंभराहून अधिक वर्षे दार म्हणून उघडमीट झालेली, दोन पावसाळे उघड्यावर भिजलेली, आणि तरीही सुतासारखी सरळ! मेस्त्री एवढेच म्हणाले, "अण्णा, साग आहे हा. एवढ्या रुंदीची फळी आता शोधूनही मिळायची नाही. बाकीच्या कुठे गेल्या?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु त्या दिवसापासून सागाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. त्या पट्टीखाली मेस्त्रींनी जे पाहिले ते नेमके काय होते, सागाला ते कोठून मिळाले, आणि ते आपण कसे वापरीत आलो, याविषयी आज चार गोष्टी आपल्याशी बोलणार आहे.

साग हा आपल्या ओळखीचा वृक्ष. सह्याद्रीच्या उतारावर, मेळघाटात, चांदा-गडचिरोलीच्या रानात त्याची मोठमोठी खरखरीत पाने ज्याने पाहिली नाहीत असा मराठी माणूस विरळा. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो, हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. संस्कृतात यालाच 'शाक' म्हणतात. मलयाळममधील 'तेक्क' हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यातूनच इंग्रजीतील 'टीक' आला. शास्त्रज्ञ त्याला 'टेक्टोना ग्रँडिस' म्हणतात. गंमत अशी की, आजच्या वर्गीकरणानुसार अंगणातली तुळस आणि रानातला साग एकाच कुळातले आहेत.

सागाचे मूळ घर म्हणजे भारत, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस. जावा बेटावरही तो शेकडो वर्षांपूर्वी नेण्यात आला आणि तेथे चांगला रुजला. त्याला पाऊस हवा, पण बारमाही नव्हे. पावसाळ्यानंतर काही महिने स्पष्ट कोरडे जावे लागतात. उन्हाळ्यात तो पाने टाकून स्वस्थ उभा राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा वाढू लागतो. या आळीपाळीची नोंद लाकडात राहते. वाढ सुरू होताना मोठ्या छिद्रांची एक ओळ पडते, पुढे छिद्रे लहान होत जातात. खोड आडवे कापले म्हणजे वर्षावर्षांची ही कडी डोळ्यांनी मोजता येतात, आणि फळी उभी कापली म्हणजे हीच कडी त्या सुंदर रेषा होऊन समोर येतात. ज्याला आपण सागाची नक्षी म्हणतो, ती खरे पाहता त्याने सोसलेल्या पावसाळ्या-उन्हाळ्यांची जमाखर्चाची वही आहे.

आता त्याच्या गुणांकडे वळू. साग सर्वांत कठीण, सर्वांत जड, सर्वांत बळकट, म्हणून तो श्रेष्ठ, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. व्यापारात रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाला 'कठीण' आणि चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडाला 'मऊ' म्हणण्याची रीत आहे, त्या अर्थाने साग कठीण वर्गातला खरा. पण वाळलेल्या सागाचा घनफूट सुमारे १८ किलो भरतो, म्हणजे एक घनमीटर साधारण ६५० किलो. आपल्याच रानातला ऐन त्याहून पुष्कळ जड आहे. खानदेशातला अंजन तर इतका जड की पाण्यात टाकला तर बुडतो. शिसवी सागाहून कठीण, बाभळी त्याहून चिवट. मग या सगळ्यांना मागे सारून साग पुढे कसा आला?

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने भारतातील शेकडो जातींच्या लाकडांची परीक्षा केली आहे. ताकद, ताठपणा, आघात सोसण्याची शक्ती, आकार टिकविण्याची शक्ती अशा एकेका गुणाची तुलना करताना या संस्थेने मापासाठी सागच घेतला. सागाचा प्रत्येक गुण १०० धरायचा आणि इतर लाकडांचे आकडे त्यावरून सांगायचे. या तक्त्यांत वजनात, कठीणपणात, ताकदीत शंभराच्या वर जाणारी लाकडे पुष्कळ सापडतात. पण जे कठीणपणात वर जाते ते बहुधा आकार टिकविण्यात खाली येते. सर्व विषयांत उत्तम आणि कोणत्याही विषयात नापास नाही, असा विद्यार्थी एकच निघतो, आणि तो साग.

यातही सुताराच्या लेखी मोलाचा गुण कोणता, तर आकार टिकविणे. हे जरा समजून घेण्याजोगे आहे. लाकूड मेले तरी ते हवेतले पाणी घेणे-सोडणे थांबवीत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र असतो, आणि तोही सर्व बाजूंनी सारखा नसतो. खोडाच्या वर्तुळाच्या दिशेने लाकूड अधिक आकसते, गाभ्याकडून सालीकडे कमी. या दोन दिशांतल्या ओढाताणीमुळेच फळी वाकते, पिळवटते किंवा तडकते. ओला साग पूर्ण वाळला तर एका दिशेने सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे पाच टक्के आकसतो. युरोपात नावाजलेली ओक आणि बीच ही लाकडे वर्तुळाच्या दिशेने याच्या सुमारे दुप्पट आकसतात. फूटभर रुंदीची सागाची फळी अगदी ओल्या अवस्थेतून अगदी शुष्क अवस्थेत गेली तर ती फार तर १६ मिलिमीटर कमी होईल. बीचची फळी ३५ मिलिमीटरच्या घरात जाईल. एवढी टोकाची अवस्था घरात कधी येत नाही, पण लहानसहान ऋतुबदलातही प्रमाण हेच राहते.

ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. मुंबईच्या दमट हवेत केलेले कपाट दिल्लीला किंवा नागपूरला नेले, आणि पहिल्याच मे महिन्यात त्याचे दार सैल झाले, जोड उघडे पडले, मध्यरात्री कुठेतरी फळी तडकल्याचा आवाज झाला, हा अनुभव अनेक घरांतला आहे. साग तेथे कमी दगा देतो. पण मुळीच देत नाही असे नव्हे. म्हणून जाणता सुतार सागातही सावध असतो. दाराची चौकट तो कूस आणि भोक यांच्या सांध्याने घट्ट बांधतो, परंतु चौकटीतला दिला मात्र खाचेत नुसता बसवितो. त्याला तो सरस लावीत नाही, खिळा मारीत नाही. दिल्याला आपल्या जागी श्वास घेण्याइतकी मोकळीक असते, म्हणून दार पिढ्यान्पिढ्या टिकते. नवशिका कारागीर घट्टपणालाच बळकटी समजतो आणि दिला चारी बाजूंनी चिकटवून टाकतो. मग एका उन्हाळ्यात तो मधोमध चिरतो, आणि दोष लाकडाला दिला जातो.

सागाचा दुसरा मोठा गुण टिकाऊपणा. त्याच्या गाभ्याच्या लाकडात, ज्याला शास्त्रीय परिभाषेत मध्यकाष्ठ म्हणतात, एक प्रकारचे तेल, रबरासारखा चिकट अंश आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. ताज्या सागावरून हात फिरविला तर जो किंचित मेणचट स्पर्श जाणवतो आणि चामड्याची आठवण करून देणारा जो वास येतो, तो यांचाच. वाळवीला ही द्रव्ये मानवत नाहीत, बुरशीला ती वाढू देत नाहीत, आणि पाणी आत शिरण्यासही ती अडथळा करतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली बसविलेल्या लाकडी फासळ्या आपण पाहिल्या असतील. त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे आपल्या जागी आहेत. ज्या राजवटीत त्या बसविल्या गेल्या, ती गेली. त्यानंतरच्या कितीक आल्या आणि गेल्या.

मात्र येथे एक मेख आहे. हा सारा टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडाचा आहे. खोडाच्या कडेला सालीलगत जो पांढुरका भाग असतो, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, तो सागाचा असूनही सागाचा नव्हे. झाड जिवंत असताना पाणी वर नेण्याचे काम तो करतो, त्यात ती रक्षक द्रव्ये नसतात. वाळवीला आणि भुंग्याला तो इतर कोणत्याही लाकडासारखाच गोड लागतो. ज्या घरात "आमचा सागसुद्धा किडला" अशी तक्रार ऐकू येते, तेथे बहुधा हा पांढरा भाग गडद रंगाच्या पॉलिशखाली लपवून बसविलेला असतो.

तिसरा गुण असा, की तो ध्यानात यायला समुद्रावर जावे लागते. ओकच्या लाकडात टॅनिन नावाचे आम्ल पुष्कळ असते. त्यात लोखंडी खिळा मारला तर आम्लाने लोखंड खाल्ले जाते आणि लोखंडाने लाकूड काळे पडून कुजते. सागाचे आणि लोखंडाचे असे वैर नाही. उलट त्याचे तेल खिळ्याला सांभाळते. पाणी, मीठ आणि लोखंड या तिघांशी एकाच वेळी संसार करणारे लाकूड जहाजबांधणीला दुसरे मिळणे अवघड होते.

मुंबईच्या गोदीची कीर्ती याच गुणावर उभी राहिली. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे जहाजे बांधली. १८१३ साली येथे बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. १८१७ साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही मलबारी सागाची युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. पुढे जहाजे लोखंडाची झाली, तरी सागाची गरज संपली नाही. १८६० सालच्या 'वॉरियर' या चिलखती जहाजाच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागे तोफगोळ्याचा धक्का झेलण्यासाठी १८ इंच साग भरलेला होता. लोखंडाच्या पाठीशी उभे राहायला लाकूड निवडायचे होते, आणि ते साग निवडले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता थोडे सुताराच्या दुकानात जाऊ. साग रंध्याखाली गोड चालतो, पटाशीला नीट वश होतो, त्यावर बारीक कोरीवकाम उमटते. पण हत्याराची धार तो लवकर मारतो. कारण त्याच्या अंगात वाळूचाच सूक्ष्म अंश, म्हणजे सिलिका असते, आणि ती काही लाकडांत टक्क्याच्याही वर जाते. म्हणून सागाचे काम करणाऱ्या कारागिराचा धार लावण्याचा दगड कधी कोरडा नसतो. दुसरी अडचण सरसाची. जे तेल लाकडाला राखते तेच चिकटविण्याच्या आड येते. म्हणून सांधा ताजा रंधलेला असतानाच जोडावा; रंधून दिवस गेले असतील तर चिकटविण्यापूर्वी तो भाग स्पिरिटासारख्या द्रवाने पुसून घ्यावा. तिसरी गोष्ट कारागिराच्या प्रकृतीची. सागाचा भुसा कित्येकांच्या कातडीला खाज आणतो, नाकाला आणि घशाला त्रास देतो. घरी सुतारकाम चालू असेल तर खोली मोकळी ठेवावी, आणि मेस्त्री नाकाला फडके बांधून काम करीत असतील तर त्यास हसू नये.

खरेदीविषयी दोन शब्द. बाजारात 'सीपी' साग म्हणजे जुन्या मध्यप्रांताचा, 'बलसाड' म्हणजे दक्षिण गुजरातेतल्या डांगकडचा, 'बर्मा' म्हणजे ब्रह्मदेशचा, अशी नावे चालत आली आहेत. नावावर जाऊ नये, फळीकडे पाहावे. फळीची टोके पाहिली म्हणजे वर्षाची कडी दिसतात आणि पांढरा भाग किती आहे तेही कळते. रंग लावलेले लाकूड घेऊ नये. कोपऱ्यावर रंध्याचा एक हात मारून घ्यावा, म्हणजे रंग आणि वास दोन्ही खरे बोलतात. लाकूड किती वाळले आहे हे विचारावे. ओला साग स्वस्त मिळाला म्हणून लगेच दार करून घेणाऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात त्याची किंमत भरावी लागते. फळ्यांमध्ये काड्या घालून, थर रचून, छपराखाली वारा लागेल असे लाकूड ठेवणे ही जुनी रीत. आज भट्टीत वाळविण्याची सोय झाली आहे. दोन्हींपैकी एक झाल्यावाचून काम सुरू करू नये.

श्रोतेहो, येथवर सागाचे गुण सांगितले. पण या सर्व गुणांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे काळ. गाभ्याचे लाकूड हळूहळू साठते. रुंद फळी द्यायची तर झाडाला दोन-तीन पिढ्या उभे राहावे लागते. ब्रह्मदेशात तोडीची पद्धतच पाहा. ओला साग नदीत तरंगत नाही, म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती खाच घेऊन त्याला दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळवीत. मग ते तोडून हत्तींकडून नदीपर्यंत ओढीत आणि पावसाळ्याच्या पुरावर सोडून देत. एक ओंडका बंदरास लागायला कित्येकदा आणखी वर्षे जात. म्हणजे झाड वाढायला शंभर वर्षे, आणि त्याला मरायलाही सवड!

ही सवड माणसाने ठेवली नाही. जहाजांसाठी मलबारची सागवने इतकी तोडली गेली, की १८४०च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनॉली यांनी निलंबूर येथे चातू मेनन यांच्या साहाय्याने सागाची लागवड सुरू केली. सागाची जगातील पहिली मोठी लागवड म्हणून ती ओळखली जाते. सागाचे फळ सहजी रुजत नाही. त्याला आळीपाळीने भिजवावे आणि वाळवावे लागते. पुढे मूळ आणि बोटभर खोड ठेवून रोप छाटायचे आणि ती जडी पावसाच्या तोंडाशी लावायची, अशी रीत रूढ झाली. निलंबूरला चालियार नदीकाठी त्या आरंभीच्या लागवडीचा एक तुकडा आजही राखलेला आहे. तेथली झाडे लावणाऱ्यांनी त्यांचे लाकूड आपल्या हयातीत पाहिले नाही, आणि पाहण्याची अपेक्षाही धरली नव्हती.

याच्या अगदी उलट वृत्ती आपण १९९०च्या दशकात पाहिली. सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, वीस वर्षांत ते कितीतरी पटींनी परत मिळतील, अशा जाहिरातींचा त्या काळी पूर आला होता. निवृत्तीची पुंजी त्यात घालणारी मराठी कुटुंबेही काही थोडी नव्हती. पुष्कळांचे पैसे बुडाले. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी १९९९ साली सेबीला स्वतंत्र नियम करावे लागले. त्यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, हा हिशेब बाजूला ठेवू. पण साग म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या एखाद्या सुताराला कोणी विचारले असते, तर त्याने सांगितले असते, की वीस वर्षांच्या झाडाचे लाकूड हा साग असतो खरा, पण ज्याच्या नावावर भाव सांगितला जातो तो साग हा नव्हे.

म्हणजे लागवडीचा तरुण साग टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. त्याच्या ताकदीची परीक्षा झाली आहे आणि तो तेवढ्यापुरता फारसा कमी पडत नाही. उणीव दुसरीकडे आहे. त्यात गाभा कमी आणि पांढरा भाग अधिक, गाठी पुष्कळ, फळीची रुंदी बेताची, आणि वाळवीला दूर ठेवणारी द्रव्ये अजून पुरती साठलेली नसतात. थायलंडने १९८९ साली नैसर्गिक वनांतील तोड बंद केली. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, २०१४च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात थांबविली. आज आपल्या बंदरांत उतरणारा साग पुष्कळसा आफ्रिकेतून आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून येतो, आणि तो बहुतांशी असाच लागवडीचा तरुण साग असतो. जुन्या रानातला साग दुर्मिळ होत चालला आहे, म्हणूनच त्याचा मानही वाढतो आहे. दिल्लीत २०२३ साली नवे संसद भवन झाले, त्यासाठी सागवान नागपूरहून नेण्यात आले, ही वार्ता आपण अभिमानाने ऐकली असेल. त्या अभिमानाबरोबर एक जबाबदारीही येते.

ती जबाबदारी कोणती? आमचे जुने घर बांधणाऱ्यांना ती ठाऊक होती. त्या घरात सगळेच साग नव्हते. वासे किंजळीचे होते, काही तुळया ऐनाच्या, देवघरातले पाट फणसाचे. साग त्यांनी दारांना आणि चौकटींना वापरला, म्हणजे जेथे ऊन-पाऊस लागणार, जेथे आकार बदलून चालणार नाही, तेथे. जे काम ऐन करील त्यासाठी साग तोडणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. आज आपण पलंगाच्या आतल्या पट्ट्यांनाही साग मागतो आणि बाहेरच्या चौकटीला पांढरा भाग आला तरी पाहत नाही. साग बेताने वापरावा, पण जेथे वापरायचा तेथे गाभ्याचाच वापरावा; उरलेल्या कामासाठी आपल्या रानातली इतर लाकडे जाणून घ्यावीत. केवळ शोभा हवी असेल, तर सागाचा पातळ पापुद्रा दुसऱ्या लाकडावर चढविण्यात कमीपणा मानू नये. एका फळीत कितीतरी कपाटांची शोभा होते.

आणि दुसरे असे, की जुना साग टाकू नये. आज गावोगावचे वाडे आणि शहरांतल्या चाळी उतरत आहेत. इंदूर असो, बडोदे असो, पुणे असो, त्या प्रत्येक घरातून निघणाऱ्या तुळईत आणि चौकटीत जो साग आहे, तो पुन्हा निर्माण करायला शंभर वर्षे लागतील. ओलेपणातून वाळतानाचे त्याचे आकसणे होऊन गेले आहे, त्याने आपली जागा घेतलेली आहे. त्यातले खिळे तेवढे नीट काढावे लागतात, नाही तर करवतीचे दात जातात. आणि भोकांच्या खुणा राहतात, त्या राहू द्याव्यात. घर उतरविण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला एकदा बोलवावे आणि प्रत्येक लाकडाचे नाव विचारून घ्यावे. उक्त्या सौद्याला बसण्यापूर्वी तेवढा एक दिवस हाती ठेवावा. आम्ही तो ठेवला नाही.

त्या फळीचे मेज झाले. मेस्त्रींनी तिच्यावर रंधा फिरविला तेव्हा वरचा काळपट थर निघून आतून सोनेरी तपकिरी रंग उघडा पडला, आणि सगळ्या पडवीत त्या लाकडाचा वास दरवळला. माझ्या आजोबांच्याही आधी कोणी तरी ती फळी कापली असेल, तेव्हाही हाच वास सुटला असेल. आज त्या मेजावर माझी नात अभ्यासाला बसते. मध्यंतरी तिने विचारले, "आजोबा, याला एका कडेला ही दोन भोके कसली?" मी सांगितले, की तेथे दाराची कडी होती. "मग दाराची दुसरी फळी कुठे आहे?" तिने विचारले. मेस्त्रींनी जे विचारले होते, तेच तिने विचारले. उत्तर मला अजूनही देता येत नाही. आपणांपैकी ज्यांची जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांना ते देता यावे, एवढीच इच्छा.